पडद्यावरचें मौन

चित्रपटाचा खेळ सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या माणसांचीं तोंडें पाहण्याचा मला फार दिवसांचा छंद आहे. माणसें आंत कशीं जातात यावरून चित्रपटाबद्दल कांहींच कळत नाहीं. तीं बाहेर कशीं येतात यावरून मात्र पुष्कळ कळतें. या बाहेर येणाऱ्या माणसांच्या दोन जाती मीं मनाशीं ठरविल्या आहेत. एक जात गुणगुणत बाहेर येते. गाण्याची चाल तोंडांत नीट बसलेली नसते, शब्द तर अर्धेच आठवत असतात. तरी जिना उतरतांना बोटें कठड्यावर ठेका धरून असतात. दुसरी जात मुकाट्यानें येते. नवरा बायकोशीं बोलत नाहीं, मित्र मित्राची थट्टा करीत नाहीं, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगतांना आपलाच आवाज आपल्याला परका वाटावा तसा प्रत्येकजण घसा खाकरून बोलतो.

पहिल्या जातीचीं माणसें अधिक आनंदी असतात हें मी मान्य करतों. पण चित्रपट अधिक दिवस कोणाच्या घरीं राहतो असें विचाराल, तर माझें मत दुसऱ्या जातीच्या बाजूचें आहे. गाणें पाहुण्यासारखें येतें, आठवडाभर घर गाजवतें आणि दुसरें गाणें आलें कीं निरोप घेतें. पडद्यावर ऐकलेलें मौन मात्र येतें तें मुक्कामालाच.

माझ्या एका मित्राला हें मुळींच पटत नाहीं. ते गायनाचे मोठे दर्दी आहेत, आणि चित्रपट हा त्यांच्या मतें गाणीं ठेवण्याचा एक अवाढव्य डबा आहे. "चित्रपटांतून संगीत काढून घ्या," ते म्हणतात, "मग उरलें काय? हलणारीं छायाचित्रें! आणि शांततेचें कसलें कौतुक सांगतां? पडद्यावर शांतता पसरली म्हणजे यंत्र बिघडलें असें खुशाल समजावें."

त्यांनीं हें थट्टेनें म्हटलें. पण त्या थट्टेनें मला बरेच दिवस विचार करायला लावलें. कारण यंत्र बिघडल्याची शांतता आपण सर्वांनीं अनुभवलेली आहे. पडद्यावरच्या माणसांचे ओठ हलत असतात, आवाज येत नाहीं, आणि पांच सेकंद लोटतात न लोटतात तोंच मागच्या रांगांतून शिट्ट्यांचा पाऊस सुरू होतो. आणि त्याच चित्रपटगृहांत, त्याच मागच्या रांगांत बसलेलीं तींच माणसें दुसऱ्या एखाद्या वेळीं अशाच निःशब्द पडद्यापुढें श्वास रोखून बसतात. कानाच्या हिशेबानें पाहिलें तर दोन्ही वेळीं बेरीज शून्यच आहे. मग एका शून्याला शिट्टी आणि दुसऱ्या शून्याला पाणावलेले डोळे, हें कसें? हा भेद प्रेक्षकाला कोण शिकवितें?

याचें उत्तर शोधायला जरा मागें जावें लागतें. ३ मे १९१३ या दिवशीं दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला. त्या चित्रपटांना आपण मूकपट म्हणतों. पण मूकपटाचें चित्रपटगृह कधींच मूक नव्हतें. पडद्यापुढें बाजाची पेटी आणि तबला घेऊन वादक बसत, आणि पडद्यावर युद्ध असो कीं विवाह असो, ते आपल्या परीनें साथ करीत. प्रेक्षकही मधून मधून आपली भर घालीत असतील यांत शंका नाहीं. मूकपटाला बोलतां येत नव्हतें, म्हणून त्याला गप्पही राहतां येत नव्हतें. मुक्या माणसाच्या न बोलण्याला आपण मौन म्हणत नाहीं. ज्याला बोलतां येतें आणि जो बोलत नाहीं, त्याचेंच तें मौन.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत 'आलम आरा' लागला आणि आपला पडदा बोलूं लागला. या बोलपटाच्या जन्माची एक कथा मला फार आवडते. अर्देशीर इराणी यांच्या स्टुडिओजवळून आगगाडीचा रस्ता जात होता. दिवसा गाड्यांच्या खडखडाटांत पात्रांचें बोलणें टिपणें अशक्य. म्हणून गाड्या थांबल्या म्हणजे मध्यरात्रीनंतर चित्रण करावें लागे. पुढें आवाज भरण्याची सोय तेव्हां नसल्यामुळें नट गात असतांनाच साथ टिपावी लागे, आणि वादकांना कॅमेऱ्याच्या दृष्टीआड कोठें तरी दडवून बसवीत. म्हणजे पहिला आवाज पडद्यावर आणण्यासाठीं त्या माणसांना आधीं शांतता शोधावी लागली. मुंबईसारख्या शहरांत ती त्यांना रात्रीं एक वाजल्यानंतर सांपडली.

मात्र सांपडलेल्या शांततेचा उपयोग कोणीं केला नाहीं, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. ज्याला नवी वाचा फुटली त्यानें अखंड बोलावें हें स्वाभाविकच आहे. 'आलम आरा'मध्यें सात गाणीं होतीं. पुढच्याच वर्षीं आलेल्या 'इंद्रसभे'त गाण्यांची संख्या सत्तरच्या घरांत गेली. आपल्याकडे तर संगीत नाटकाची परंपरा पाठीशीं होती. नायकानें पद गावें, प्रेक्षकांनीं 'वन्स मोअर' द्यावा आणि कथेनें तेवढा वेळ बाजूला उभें राहून वाट पाहावी, या रिवाजांत वाढलेल्या आपल्या वाडवडिलांना गाण्यावांचून करमणूक ही कल्पनाच चमत्कारिक वाटली असती.

म्हणूनच १९३७ सालचा प्रभातचा 'कुंकू' मला साहसाचें काम वाटतो. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं तो काढला. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यांत फसवून बांधलेली तरुण नीरा त्याला पति मानायला नकार देते, ही कथा त्या काळीं केवढी धीट होती तें सांगायला नको. पण विषयाइतकाच धीट होता तो या चित्रपटाचा कान. संगीताची बाजू केशवराव भोळे यांच्यासारख्या जाणत्या माणसाकडे होती, आणि तरी पार्श्वसंगीत म्हणून जें आपण ओळखतों तें त्यांत ठेवलेलें नाहीं. पात्रांच्या भोंवतीं जो आवाज खरोखर होऊं शकेल तेवढाच आपल्याला ऐकूं येतो. शांता आपटे यांची नीरा गाते. पण तिला साथ हवी असेल तर ती घरांतल्या ग्रामोफोनची. आकाशांतून उतरणारीं वाद्यें तिच्या मदतीला येत नाहींत.

आणि गाणें नसतें तेव्हां? तेव्हां त्या घरांतलें भिंतीवरचें जुनें घड्याळ ऐकूं येतें. केशवराव दाते यांनीं उभे केलेले काकासाहेब आणि तें घड्याळ हीं जणूं एकाच वयाचीं भावंडें आहेत. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकानें नीरेच्या दुःखाच्या वेळीं सारंगी वाजविली असती. सारंगी ऐकून आपल्याला वाईट वाटलें असतें खरें; पण वाईट वाटून आपण मोकळेही झालों असतों. घड्याळाच्या ठोक्यांनीं मोकळें होतां येत नाहीं. तरुण मुलीचे दिवस म्हाताऱ्याच्या घरांत एकेक ठोक्यानें कसे सरत असतील, याचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो. संगीत आपल्याला काय वाटावें तें सांगतें. शांतता आपल्याला काय वाटतें तें विचारते. विचारलेल्या प्रश्नाला जो जीव लावून उत्तर देतो, त्याला तो प्रश्न विसरतां येत नाहीं.

असें लिहिलें म्हणून मी संगीताच्या विरुद्ध उभा राहिलों असें कोणीं समजूं नये. माझ्या दर्दी मित्राला मी एका प्रसंगाची आठवण नेहमीं देतों, आणि तेथें आम्हां दोघांचें एकमत होतें. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) दुर्गा तापानें मरते तेव्हां तिचा बाप हरिहर परगांवीं असतो. तो परत येतो. त्याला कांहीं ठाऊक नाहीं. वादळानें मोडलेलें घर पाहून तो खंतावतो, मग आणलेल्या वस्तु एकेक करून दाखवूं लागतो. सर्वजया त्याला पाय धुवायला पाणी देते, लागेल तें आणून देते, आणि बोलत कांहींच नाहीं. तिचें तें न बोलणें इतका वेळ चालतें कीं प्रेक्षकालाच तिच्याऐवजीं ओरडून सांगावेंसें वाटतें. शेवटीं हरिहर दुर्गेसाठीं आणलेली साडी तिच्या हातीं देतो. तेव्हां तिचा बांध फुटतो, तोंड उघडतें, आणि आपल्याला ऐकूं येतो तो तिचा आवाज नव्हे. रायांनीं तेथें तिचें रडणें काढून टाकलें आणि त्या जागीं तारशहनाईचा वरच्या सप्तकांतला आक्रोश घातला. संगीत रविशंकर यांचें होतें.

हा प्रसंग मीं पुष्कळदां पाहिला आहे, आणि दर वेळीं मला असें वाटतें कीं सर्वजयेचें खरें रडणें ऐकूं आलें असतें तर तें तिचें एकटीचें झालें असतें. आपण शेजारच्या घरांतलें रडणें ऐकून दारांत उभें राहतों तसे उभे राहिलों असतों. त्या वाद्याला मात्र नांव नाहीं, गांव नाहीं. तो आक्रोश ज्यानें ऐकला त्याचा झाला. पण हेंही विसरून चालणार नाहीं कीं तारशहनाईला ती धार आली ती आधींच्या मौनामुळें. सर्वजया पहिल्यापासून हुंदके देत असती आणि मागें वाद्यें कण्हत असतीं, तर तोच सूर वाजूनही वाजला नसता.

येथें मला माझ्या घरची एक गोष्ट सांगाविशी वाटते. वडील गेले त्यानंतरच्या दिवसांत आमच्याकडे समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली होती. सारींच माणसें चांगलीं, मनापासून आलेलीं. कोणी वयाचा दाखला देई, कोणी नशिबाचा. काळासारखें औषध नाहीं असें तर दिवसांतून दहा वेळां तरी कानावर पडे. आई सर्वांचें ऐकून घेई, मान हलवी आणि आंतून चहा सांगे. तिच्या डोळ्यांना पाणी आलेलें कोणीं पाहिलें नव्हतें, आणि याची आम्हां मुलांना आंतून भीति वाटूं लागली होती. एके दिवशीं दुपारीं वडिलांचे एक शाळासोबती आले. वडिलांच्या खुर्चीसमोरच्या बांकावर बसले. अर्धा तास बसले असतील. एक अक्षर बोलले नाहींत. मधून त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत, मधून खिडकीबाहेर. मग उठले, आईला नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. त्यांची काठी खालच्या पायरीवर वाजलेली ऐकूं आली, आणि आई भिंतीला टेकून रडूं लागली. पुढें कित्येक वर्षांनीं त्या दिवसांचा विषय निघाला, तेव्हां कोण कोण आलें होतें तें तिला नीटसें आठवत नव्हतें. ते गृहस्थ मात्र आठवत होते. काय बोलले, असें कोणी विचारलें असतें तर तिला सांगतां आलें नसतें, कारण ते बोललेच नव्हते.

दुःखी माणसाच्या घरीं आपण बोलतों तें बहुधा आपल्याला शांतता सोसत नाहीं म्हणून. चित्रपटांतलें पुष्कळसें पार्श्वसंगीत मला या समाचाराच्या बोलण्यासारखें वाटतें. हेतु चांगला असतो. प्रेक्षकाला एकटें पडूं द्यायचें नाहीं, एवढाच तो हेतु. नायिकेच्या डोळ्यांत पाणी येण्यापूर्वीं व्हायोलिनें येतात, दाराआड चोर दिसण्यापूर्वीं ढोल वाजतात. शेजारच्या खुर्चीवर एखादे काका बसून "आतां रडा हं", "आतां दचका" असें कोंपरानें ढोसत असावेत तसें होतें. पण कांहीं प्रसंगीं माणसाला एकटें पडूं दिलें पाहिजे. त्याखेरीज तो स्वतःचें रडूं शकत नाहीं.

हें मर्म केवळ गंभीर चित्रपट काढणाऱ्यांनाच उमगतें असेंही नाहीं. १९७५ सालच्या रमेश सिप्पी यांच्या 'शोले'इतका गाजावाजाचा चित्रपट शोधून सांपडणार नाहीं. घोडे, बंदुका, आगगाडी, आणि राहुलदेव बर्मन यांचें दणदणीत संगीत! पण त्यांतली जय आणि राधा यांची सारी प्रेमकथा आठवून पाहा. हवेलीच्या सज्जावर ती विधवा एकेक दिवा मालवीत जाते. समोर अंधारांत तो माउथ ऑर्गन वाजवीत बसतो. त्यांच्यामध्यें बोलणें असें जवळजवळ नाहींच. दिवा विझतो आणि सूर लांबतो, एवढ्यावर तें प्रकरण उभें आहे.

आणि त्याच चित्रपटांत आंधळ्या इमामसाहेबांचा तो प्रसंग आहे. त्यांच्या तरुण मुलाचें प्रेत घोडा गांवांत घेऊन येतो. सारा गांव भोंवतीं जमतो. कोणाच्यानें बोलवत नाहीं. म्हातारा काठी टेकीत येतो आणि इतकी शांतता कां, असें विचारतो. डोळस माणसें समोरचें प्रेत पाहून गप्प झालेलीं असतात. ज्याला दिसत नाहीं त्याला मात्र तें गप्प होणेंच आधीं ऐकूं येतें. ए. के. हंगल यांच्या तोंडचें तें साधें वाक्य लोकांनीं पुढें थट्टेच्या स्वाधीन केलें, घरोघर विनोदानें वापरलें; पण चित्रपटांत तें आलें कीं अजूनही पोटांत कालवतें. शांतता हीसुद्धां ऐकण्याची वस्तु आहे, हें त्या आंधळ्याइतकें स्पष्ट कोणीं सांगितलेलें नाहीं.

आतां माझ्या मित्राच्या त्या दोन शून्यांकडे पुन्हां वळतों. त्यांचा उलगडा मला नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांनीं करून दिला. 'फँड्री'मध्यें (२०१३) जब्याचें कुटुंब गांवचीं डुकरें पकडीत असतें. सारा गांव हंसत पाहत असतो. डुक्कर अगदीं हातांत येण्याच्या बेतांत असतें, आणि शेजारच्या शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें. घामानें निथळणारीं तीं माणसें होतीं तेथें ताठ उभीं राहतात. डुकराला राष्ट्रगीत ठाऊक नसतें. तें निघून जातें. येथें संगीत वाजतें आहे, पण जें ऐकूं येतें तें त्या उभ्या राहिलेल्या माणसांचें मौन. ज्या गीतांत सर्वांना जागा आहे, त्या गीतासमोर हीं माणसें आपला घास सोडून उभीं आहेत. आणि त्यांना हंसणाऱ्यांच्या गांवांत मात्र त्यांना जागा नाहीं. दिग्दर्शकानें यावर एक शब्द बोललेला नाहीं.

तीन वर्षांनीं, २०१६ मध्यें, त्यांचाच 'सैराट' आला. अजय-अतुल यांनीं त्याच्या संगीतासाठीं पाश्चात्य पद्धतीचा मोठा वाद्यवृंद अमेरिकेंत जाऊन ध्वनिमुद्रित केला होता. मीं पाहिला त्या खेळाला प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचत होते, आणि खरें सांगायचें तर माझाही पाय ठेका धरून होता. मग तो शेवट येतो. शेजारणीचें बोट सोडून लहानगें मूल घरांत येतें, रक्तांत पडलेल्या आईबापांना पाहतें, आणि रडत बाहेर चालूं लागतें. त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. आवाज नाहीं. मुलाचें तोंड रडतांना उघडलेलें दिसतें आणि त्याचें रडणें आपल्यापर्यंत पोंचत नाहीं. एखादी व्हायोलिन नाहीं, तारशहनाईसुद्धां नाहीं.

यंत्र बिघडलें असतें तर याहून निराळें काय ऐकूं आलें असतें? कांहींच नाहीं. पण शिट्टी आली नाहीं. थोड्या वेळापूर्वीं नाचणारीं तरुण मुलें जागच्या जागीं खिळलीं होतीं. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं मौनाचा अर्थ मौनांत नसतो; त्याच्या आधीं काय वाजलें त्यांत असतो. गवय्यामागें तंबोरा तासभर झंकारत असतो, आणि आपल्याला तो ऐकूं येत असल्याची जाणीवही नसते. मैफल संपते, वादक तारांवर हात ठेवतो, आणि त्या क्षणीं प्रथमच कळतें कीं इतका वेळ आपण कशाच्या आधारानें बसलों होतों. 'सैराट'च्या दिग्दर्शकानें त्या भव्य संगीताच्या तारांवर असाच हात ठेवला. दोन जीवांचें गाणें कोणीं थांबविलें हें त्याला सांगायचें होतें, आणि गाणें थांबवूनच त्यानें तें सांगितलें. आधींचें गाणें इतकें मोठें नसतें तर तें थांबणें इतकें भयंकर झालें नसतें. म्हणून माझे मित्र हरले असें मी म्हणणार नाहीं. त्यांच्या संगीतावांचून माझें मौन दोन पैशांचेंही नव्हे. कांहीं दिग्दर्शक हल्लीं चित्रपटभर पात्रांना खिडकीपाशीं मुकाट उभें करतात. त्यांच्या मौनाआधीं कांहीं वाजलेलेंच नसतें, म्हणून त्यांच्या शांततेंत प्रेक्षकांच्या जांभया तेवढ्या ऐकूं येतात.

या साऱ्यांत मला एका गोष्टीची हुरहूर वाटते. चित्रपट आतां खिशांत मावतो. रात्रीं अंथरुणावर पडून, कानांत बोंडें घालून, आपण तो एकेकटे पाहतों; कंटाळा आला तर शांत प्रसंग बोटानें पुढें ढकलतों. सोय मोठी आहे, आणि मीही ती वापरतों. पण एकट्यानें ऐकलेली शांतता आणि पांचशें माणसांनीं मिळून ऐकलेली शांतता यांत फार अंतर आहे. एरवीं आपण पांचशें माणसें जमतों तीं घोषणा द्यायला, आरती म्हणायला, नाहीं तर भांडायला. एकमेकांचें नांव, जात, पगार यांपैकीं कांहीं ठाऊक नसलेल्या माणसांनीं अंधारांत शेजारीं शेजारीं बसून एका परक्या पोराच्या न ऐकूं येणाऱ्या रडण्यापुढें गप्प व्हावें, ही गोष्ट आपल्याकडे फारशा ठिकाणीं घडत नाहीं. त्या वेळीं शेजारच्या खुर्चीवरचा माणूस डोळे पुसतो आहे हें आपल्याला कळलेलें असतें, आणि आपल्याला कळलें हें त्यालाही कळलेलें असतें. कोणीच कोणाकडे पाहत नाहीं.